झागोरीच्या दऱ्या, गुहा आणि कडे: कोल्हापूरहून जाणाऱ्या ट्रेकरसाठी वाटाड्या

ग्रीस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निळा समुद्र येतो. वायव्येच्या एपिरस प्रांतातल्या तिंफी पर्वताची वाट धरणारे मराठी ट्रेकर अजून फार नाहीत. तिथल्या 46 दगडी गावांच्या मुलखाला झागोरी म्हणतात. विकोसची दरी, पेरामाची गुहा, दगडी कमानींचे पूल आणि 2,050 मीटरवरचं द्राकोलिम्नी तळं हे सगळं योआनिना शहराला मुक्काम ठेवून आठवड्याभरात पाहून होतं. 2023 साली झागोरीचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. दरीचा परिसर 1973 पासूनच राष्ट्रीय उद्यान आहे.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं चालणाऱ्याला हा मुलूख जड जाऊ नये. पण सह्याद्रीने लावलेल्या दोन सवयी तिथे अंगाशी येतात.

पहिली सवय चढाईची. गडावर आपण सकाळी ताज्या दमाने चढतो आणि दमलेल्या पायांनी उतरतो. विकोसला सगळं उलटं. तुम्ही कड्यावरच्या गावातून निघता, सकाळच्या गारव्यात उतरता, दिवसभर दरीच्या तळातून चालता आणि दुपारी, गुडघे बोलायला लागल्यावर, शेवटचा खडा चढ समोर येतो. दरीत उतरणं सोपं वाटलं म्हणून दिवस सोपा जाईल असं धरू नका.

दुसरी सवय पाण्याची. पन्हाळा, विशाळगड असोत की आणखी कुठला गड, कातळात खोदलेल्या टाक्यांत आणि तळ्यांत पाणी टिकतं, कारण आपला बेसॉल्ट पाणी सहजासहजी पाझरू देत नाही. तिंफीचा डोंगर चुनखडीचा आहे. पावसात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते किंचित आम्ल पाणी चुनखडीच्या भेगांत शिरतं आणि दगडच विरघळवत खाली जातं. त्यामुळे माथा कोरडा, ओढे कोरडे, दरीच्या वरच्या भागातलं नदीचं पात्रही वर्षाचा बराच काळ कोरडं. तेच पाणी डोंगराच्या पोटातून दरीच्या तोंडाशी व्हॉयडोमाटिस नदीच्या झऱ्यांच्या रूपाने एकदम बाहेर पडतं, बर्फासारखं गार आणि तळ दिसेल इतकं नितळ. गुहा झाल्या त्या यामुळेच, दरी खोल झाली तीही यामुळेच, आणि तुमच्या सॅकमध्ये माणशी तीन लिटर पाणी लागणार आहे तेही यामुळेच.

कधी जायचं

जून आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. आपल्याकडे गगनबावड्याला धो-धो पाऊस असतो, तेव्हा तिकडे कोरडा हंगाम असतो. जुलै-ऑगस्टमध्येही जाता येतं, पण दरीच्या तळात उकाडा कोंडून राहतो आणि तिंफीच्या माथ्यावर दुपारनंतर विजांसह वादळं उठतात.

कोल्हापूरकरांची अडचण सुट्ट्यांची असते. मुलांच्या शाळेमुळे मे महिना धरला, तर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. बर्फ वितळत असल्याने दरीत पाणी वाढलेलं असू शकतं आणि 1,800 मीटरच्या वर वाटेवर बर्फाचे पट्टे राहतात. अशा वेळी विकोस करा आणि द्राकोलिम्नीचा निर्णय तळ्याच्या वाटेवरच्या आस्त्राका निवाऱ्यात (ट्रेकरच्या मुक्कामाच्या जागी) विचारून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत पानगळीचे रंग पाहायला मिळतात, पण दिवस लहान होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे नेली जातात आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्या दिवसांत दरीत सकाळी साडेसातनंतर उतरायचं असेल, तर विकोस रद्द केलेलं बरं. डिसेंबर ते मार्च हा हिवाळी गिर्यारोहणाचा हंगाम आहे आणि त्याला वेगळं कौशल्य, वेगळी साधनं लागतात.

कागदपत्रं आणि प्रवास

शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणं हीच खरी अडचण असते, तेव्हा तीन महिने आधी हालचाल करा. मोठ्यांसाठी फी 90 युरो आहे. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. विमा घेताना एक ओळ नीट वाचा: बऱ्याच स्वस्त पॉलिसींत ट्रेकिंग वगळलेलं असतं किंवा ठरावीक उंचीपर्यंतच धरलेलं असतं. डोंगरातून सोडवून आणण्याचा खर्च आणि 2,500 मीटरपर्यंतचा ट्रेक त्यात आहे ना, हे लेखी घ्या.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने किंवा विमानाने मुंबई आणि तिथून अथेन्स. अथेन्सहून योआनिनाला विमान तासाभरात पोहोचतं. किफिसोस बसस्थानकातून सुटणाऱ्या केटेल बसला साधारण सहा तास लागतात. योआनिनाहून झागोरीच्या गावांना बस आहेत, पण मोजक्या दिवशी आणि मोजक्या वेळी. चार जण असाल तर भाड्याची गाडी घ्या. त्यासाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्यावा लागतो. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवानाही सोबत लागतो. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. पापिगो गावाकडे चढणारा रस्ता एकामागून एक तीव्र वळणांचा आहे. करूळ किंवा भुईबावडा घाट चालवलेल्याला वळणांची भीती वाटणार नाही, पण उलट्या बाजूची सवय व्हायला पहिला दिवस सपाटीवरच द्या.

खाऊ भरताना नियम लक्षात ठेवा. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. पेढे, खवा, तुपातले लाडू घरीच ठेवा. भडंग, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, कोरडी शेंगदाणा चटणी नेता येते आणि दरीत खायला यापेक्षा सोयीचं काही नाही. ट्रेकिंगच्या काठ्या चेक-इन सामानात टाका. गॅसचा डबा विमानात कुठेच चालत नाही. शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत: झागोरीत पिठाची चीज घातलेली पातळ अलेव्रोपिता, पालेभाजीची होर्तोपिता आणि टोमॅटोत शिजवलेल्या मोठ्या पांढऱ्या वालांची भाजी बहुतेक खानावळींत मिळते.

इथे करायचा सराव

रंकाळ्याभोवती फेऱ्या मारून दम वाढतो, पण उताराला लागणारे मांडीचे स्नायू तयार होत नाहीत. विकोससाठी सराव उलटा करा. जोतिबाच्या डोंगरावर गाडी लावा, सकाळी पायवाटेने पायथ्यापर्यंत उतरा, खाली दोन-तीन तास चाला आणि अकरा-बारा वाजता, ऊन चढल्यावर, परत वर या. पाठीवर तीन लिटर पाणी आणि जेवण धरून सहा-सात किलोंची सॅक असू द्या. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे असं केलं की पाय तयार होतात. लांब पल्ल्याची सवय करायला मसाई पठारावरची दिवसभराची चाल चांगली. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट दोन दिवसांत ज्यांनी केली आहे, त्यांना विकोसचं अंतर जड जाणार नाही.

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे आणि खोल खाचांच्या तळव्याचे घ्या. आपल्याकडचा जांभा खरखरीत असतो, पाय धरतो. चुनखडीवर शेकडो वर्षं माणसं-खेचरं चालली की ती गुळगुळीत होते. सरीचा शिडकावा झाला की त्या दगडांवर साबणावर उभं राहिल्यासारखं होतं. जुन्या फरसबंद वाटांवर पाय घसरण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ओल्या फरशीवर पाऊल सपाट टाका, टाच आधी टेकवू नका. दगडाच्या मधोमध नको, दोन दगडांच्या सांध्यावर पाय द्या.

विकोसची दरी: मोनोदेंद्री ते विकोस

साधारण 12 किलोमीटर, सराव असलेल्यांना सहा ते सात तास. दरीची खोली 900 मीटर आणि तिथे दोन कड्यांमधलं अंतर फक्त 1,100 मीटर, या प्रमाणामुळे गिनीज बुकात रुंदीच्या मानाने जगातली सर्वांत खोल दरी म्हणून तिची नोंद झाली.

आधी गाडीचा प्रश्न सोडवा. दरीची वाट एकेरी आहे. मोनोदेंद्री गावातून दरीच्या दुसऱ्या टोकाच्या विकोस गावी रस्त्याने जायचं तर तासाभराचा वळसा पडतो. बहुतेक जण मोनोदेंद्रीला गाडी लावतात आणि संध्याकाळी दमून विकोसला टॅक्सी शोधत बसतात. याच्या उलट करा: मुक्काम विकोस किंवा पापिगोला ठेवा, गाडी तिथेच राहू द्या आणि आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या मालकाला सांगून सकाळी साडेसहाची टॅक्सी ठरवा. म्हणजे ठरलेल्या वेळेची धावपळ सकाळी संपते आणि संध्याकाळी तुम्ही किती वाजता वर येता याचं कुणाला देणं राहत नाही.

मोनोदेंद्री सुमारे 1,060 मीटरवर आहे. गावाच्या खालच्या चौकातून दरीकडे जाणाऱ्या वाटेचा फलक आहे. तिथूनच दुसरी फरसबंद वाट पंधराव्या शतकातल्या आयिया पारास्केवी मठाकडे जाते. तो कड्याच्या अगदी टोकावर आहे, पण मठाची वाट दरीत उतरत नाही. सकाळी घाईत लोक त्या वाटेने जातात आणि कड्यावर जाऊन थांबतात. मठ आदल्या दिवशी संध्याकाळी पाहून घ्या.

पहिला टप्पा वळणावळणांचा उतार, पाऊण ते एक तास. इथे घाई केली की पुढचा दिवस गुडघे सांगतात. काठ्या थोड्या लांब करून घ्या आणि छोटी पावलं टाका. तळाशी पांढऱ्या गोट्यांचं कोरडं पात्र लागतं. आता प्रवाहाच्या दिशेने तोंड केलं की वाट डाव्या काठाने, झाडीतून, चढ-उतार करत जाते. राष्ट्रीय लांब पल्ल्याच्या वाटेच्या, म्हणजे 'ओ-3'च्या, लाल-पांढऱ्या खुणा झाडांवर आणि दगडांवर आहेत. दहा मिनिटं चालून एकही खूण दिसली नाही, तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे या.

सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच होते. पात्र रुंद, कोरडं आणि सोपं दिसतं, वाट मात्र झाडीत वर-खाली करते, म्हणून माणसं पात्रात उतरतात. अर्ध्या तासात घराएवढे मोठे धोंडे आडवे येतात, मधे खोल डबकी लागतात, आणि तोवर वाट पन्नास-साठ फूट वर काठावर राहिलेली असते. धोंड्यांवरून उड्या मारताना घोटा मुरगळला तर फोनही लागत नाही, कारण दरीत बहुतेक ठिकाणी सिग्नल नाही. पात्रात उतरायचं ते फक्त फोटोपुरतं.

पाण्यासाठी मधल्या टप्प्यात, मेगास लाकोस नावाची मोठी घळ उजवीकडून मिळते त्या परिसरात, क्लिमा नावाचा झरा आहे. तो मिळाला तर बाटल्या भरा, पण त्याच्या भरवशावर कमी पाणी घेऊन निघू नका. उन्हाळ्याच्या शेवटी धार बारीक होते. दर तासाला अर्धा लिटर आणि दिवसात ओआरएसची दोन पाकिटं, हे गणित जुलैत कमी पडतं. तेव्हा चार लिटर उचला.

पाऊस सुरू असताना किंवा रात्रभर पडून गेल्यावर दरीत उतरू नका. कड्यांच्या भेगांतलं पाणी दगड सैल करतं आणि घसाऱ्याच्या पट्ट्यांवर वरून दगड येतात. असे उघडे पट्टे वाटेत लागतात. तिथे फोटोला थांबायचं नाही, एकेकाने न बोलता झपाट्याने पार व्हायचं. वरून दगडांचा आवाज आला तर धावण्याआधी वर बघा, मग कुठल्या बाजूला सरकायचं ते ठरवा.

शेवटाकडे दरी रुंदावते आणि दुफाटा लागतो. डावीकडची फरसबंद वाट विकोस गावाकडे चढते, पाऊण तास ते एक तास. दुसरी नदी ओलांडून पापिगोकडे जाते. तिला दोन तास धरा आणि चढही जास्त आहे. पाणी वाढलेलं असेल, किंवा घड्याळात चार वाजून गेले असतील, तर विकोसच धरा. चढण्यापूर्वी झऱ्यांपर्यंत उतरून या. कोरड्या पात्रात दिवसभर चालल्यावर एवढी मोठी नदी दगडाखालून वाहताना पाहणं, हा या ट्रेकमधला सगळ्यात सुंदर क्षण आहे. पाण्यात मात्र उतरू नका. ते काही अंशांवरच असतं, घामेजलेल्या अंगाला धक्का बसतो आणि हा परिसर संरक्षित आहे. झाडपाल्यालाही हात लावायचा नाही. एके काळी विकोसचे वैद्य इथल्या वनस्पतींसाठी प्रसिद्ध होते, पण आज राष्ट्रीय उद्यानात काहीही तोडणं चालत नाही.

सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर पूर्ण दरीचा हट्ट धरू नका. विकोस गावातून खाली झऱ्यांपर्यंत जाऊन परत या. दोन-अडीच तासांत दरीचं तोंड, नदी आणि कडे, सगळं होतं. परतीच्या चढाला मात्र पाणी ठेवा.

कड्यावरून दरी

ऑक्सिया हे दरीच्या पश्चिम कड्यावरचं ठिकाण. मोनोदेंद्रीहून सुमारे सात किलोमीटर, गाडी जवळपास टोकापर्यंत जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडाचं जंगल लागतं: चुनखडीचे पातळ थर एकावर एक रचल्यासारखे सुळके, मऊ थर झिजून आणि कठीण थर उरून झालेले. बेलोई हे समोरच्या पूर्व कड्यावरचं ठिकाण. त्यासाठी व्रादेतो या 1,340 मीटरवरच्या, झागोरीतल्या सर्वांत उंच गावी जायचं आणि तिथून पुढे सुमारे अर्धा तास चालायचं. समोरच्या भिंतीवर ऊन हवं असेल तर बेलोईला सकाळी आणि ऑक्सियाला दुपारनंतर जा. एकाच ठिकाणासाठी वेळ असेल तर बेलोई निवडा. तिथून दरीचा पूर्ण लांब पट्टा समोर येतो. टोकाला लहान मुलांचा हात सोडू नका.

व्रादेतोला गाडीने जाता येतं, पण पायांना जमत असेल तर कापेसोवोहून व्रादेतोची जुनी दगडी जिनेवाट चढा. उभ्या कड्यावर नागमोडी रचलेल्या हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. रस्ता होईपर्यंत गावाचा जगाशी संबंध याच वाटेने होता. पायऱ्या खेचराच्या पावलाच्या हिशेबाने बसक्या आणि रुंद ठेवल्या आहेत, त्यामुळे चढताना दम लागत नाही, पण उतरताना माणसाचं पाऊल चुकतं. चढून बेलोई करून परत यायला पाच तास धरा.

दगडी पूल किपी गावाच्या आसपास एका सकाळीत होतात. 1750 चा एका कमानीचा कोकोरू पूल दोन कड्यांच्या मधे आहे. 1814 चा तीन कमानींचा प्लाकिडा पूल त्याच्या जवळच. व्हित्सा गावातून जिन्याने उतरलं की 1748 चा मिसिऊ पूल लागतो. बहुतेक पुलांना संरक्षक कठडा नाही, फक्त कडेला लहान उभे दगड आहेत. ओल्या दिवशी वर चढू नका. फोटो काढायला पुलाखाली, पात्रात उतरा.

गुहा

योआनिनापासून काही किलोमीटरवरची पेरामाची गुहा पहिल्या दिवशी, विमानाचा थकवा अंगात असताना पाहायची. 1940 साली बॉम्बहल्ल्यांपासून आसरा शोधणाऱ्या गावकऱ्यांना ती सापडली. पोहाळ्याची लेणी किंवा आपल्याकडची इतर लेणी माणसाने छिन्नीने कोरली. पेरामा केवळ पाण्याने केली आहे, आणि हा फरक पाहायचा असेल तर नजर छताकडे ठेवा. भेगांमधून थेंब पडतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि चुन्याचा कण मागे राहतो. छतावर राहिला तर लोंबता सुळका, जमिनीवर पडला तर उभा सुळका. शंभर वर्षांत एखादा सेंटीमीटर वाढला तरी खूप. हाताच्या तेलाने त्या जागी पाण्याचा थर बसत नाही आणि वाढ थांबते, म्हणून काहीही हाताळायचं नाही.

गुहा वाटाड्यासोबतच पाहता येते, पाऊण तास लागतो. आतलं तापमान वर्षभर 17-18 अंशांवर राहतं. उन्हाळ्यातही पातळ स्वेटर हवा. फरशी ओली असते, चपला नकोत. बाहेर पडण्याचा दरवाजा आत शिरण्याच्या दरवाज्यापासून वेगळ्या जागी, वरच्या बाजूला आहे आणि शेवटी बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघेदुखीचं माणूस सोबत असेल तर तिकीट काढण्यापूर्वी हे सांगा.

तिंफीच्या आस्त्राका पठारावर दुसऱ्या प्रकारच्या गुहा आहेत: सरळ खाली जाणाऱ्या विहिरी. प्रोव्हाटिना ही त्यांतली एक, 400 मीटरहून जास्त खोल. त्या दोरावरच्या प्रशिक्षित गुहासंशोधकांसाठीच आहेत. ट्रेकरला त्यांची माहिती एवढ्यासाठी हवी, की या पठारावर वाट सोडून चालणं म्हणजे अशा खड्ड्यांच्या काठांमधून चालणं. धुक्यात ते दिसत नाहीत आणि जूनमध्ये तोंडावर बर्फाचं पातळ झाकण असू शकतं. लघवीलाही वाटेपासून दहा पावलांपलीकडे जाऊ नका.

द्राकोलिम्नी

हा दोन दिवसांचा कार्यक्रम ठेवा. एका दिवसातही होतो, पण दहा तासांची तंगडतोड आणि दुपारच्या वादळात माथ्यावर सापडण्याची शक्यता, हा सौदा फायद्याचा नाही. मिक्रो पापिगोहून आस्त्राका निवाऱ्यापर्यंत सुमारे तीन तास चढ. निवारा 1,950 मीटरवर, खिंडीत आहे. वाटेत दगडी पाणवठे लागतात, त्यांतल्या जवळच्याची स्थिती गावातच विचारून घ्या. निवाऱ्यातली जागा आधी राखून ठेवा. हंगाम संपला की तो बंद होतो.

दुपारी निवाऱ्यावर पोहोचा, जेवून झोपा, पहाटे तळ्याकडे निघा. निवाऱ्यापासून वाट आधी एका गवताळ खोलगट भागात दीड-दोनशे मीटर उतरते आणि मग तळ्याकडे चढते. सव्वा तासाची चाल. म्हणजे परतीलाही चढ आहे, तेव्हा निम्मं पाणी परतीसाठी राखा. हे तळं महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच कळसूबाईहून 400 मीटरने उंच आहे, त्यामुळे जुलैतही वारा बोचतो. वाऱ्याचं जाकीट, कानटोपी आणि पावसाचा कोट सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नाही. तळ्यात पोटाकडून नारिंगी रंगाचे न्यूट नावाचे उभयचर राहतात. पोहायचं नाही, पाय धुवायचे नाहीत, अंगाला लावलेली सनक्रीम पाण्यात जाऊ द्यायची नाही. तळ्याच्या मागे आओस नदीच्या दरीत सरळ तुटलेला कडा आहे. धुकं आलं तर तळ्याच्या काठाला लागून उभे राहा, पलीकडे काय आहे ते बघायला जाऊ नका. दुपारी बाराच्या आत परत निघालेलं बरं.

या पठारांवर उन्हाळ्यात मेंढ्यांचे कळप असतात. पिढ्यान्पिढ्या उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात सखल भागात कळप नेणारे व्लाख आणि साराकात्सानी मेंढपाळ या मुलखाचे. आपल्या धनगरांची भटकंती माहीत असणाऱ्याला त्यांची ओळख लगेच पटेल. त्यांची कुत्री मात्र लांडग्याशी आणि अस्वलाशी झुंजायला वाढवलेली असतात. कळप दिसला की लांबूनच वळसा घाला आणि कळप व कुत्रा यांच्या मधे येऊ नका. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, थांबायचं, काठी आडवी धरायची आणि तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरकायचं. वाकून दगड उचलल्याचा आव आणला तरी बहुतेक कुत्री थबकतात. मेंढपाळ बहुधा जवळच असतो, त्याला मोठ्याने हाक मारा. सापांमध्ये नाकावर शिंग असलेला घोणस-कुळातला व्हायपर उन्हात तापलेल्या दगडांवर पडलेला असतो. बसायला दगड निवडताना आधी काठीने ठोका आणि दगडी भिंतीच्या फटीत हात घालू नका.

अडचणीत 112 हा क्रमांक लावा. तो कुठल्याही नेटवर्कवरून लागतो. फोनवर सांगायला अक्षांश-रेखांश आधीच स्क्रीनवर काढून ठेवा, कारण ग्रीक ठिकाणांची नावं घाईत नीट उच्चारता येत नाहीत. दरीच्या दिवशी निघण्यापूर्वी मुक्कामाच्या मालकाला कागदावर लिहून द्या: किती जण, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत परत. आणि सुखरूप वर आलात की पहिलं काम म्हणजे त्याला फोन करून कळवा, नाहीतर तो खरोखर शोधाशोध सुरू करतो.